आधी दाटी करायची, मग तेल्याला शिव्या द्यायच्या



गेल्या आठवड्यात आमच्या गावात देवळापुढच्या पटांगणात डाळिंबाची बैठक झाली. रोपं विकणाऱ्या एकाने बाहेरून सल्लागार आणला होता. पडद्यावर फोटो, हातात माईक, मागं चहाची किटली. दीड तास ऐकलं. सार एवढंच की जुन्या माणसांनी लांब लांब झाडं लावून रान वाया घालवलं, आता सघन लागवडीचा जमाना आहे, ९ बाय ५ वर लावा, एकरात साडेनऊशेच्या वर झाडं बसतात. एका पोराने विचारलं, "साहेब, मग तेल्याचं काय?" साहेब म्हणाले, "त्याला आपलं शेड्यूल आहे."

मी तिथं बोललो नाही. माईक बघितला की माझी जीभ जड होते. आणि खरं सांगायचं तर त्या पोराकडं बघून मला माझंच तोंड दिसलं. २०१३ साली मी पण असाच पुढच्या रांगेत बसलो होतो. तेव्हा आकडा १० बाय ५ चा होता, एवढाच फरक.

आदल्या वर्षीचा दुष्काळ तुमच्या ध्यानात असेल. जनावरं छावणीत, विहीर तळाला. कमी पाण्यावर येणारं पीक म्हणून दोन एकर मुरमाड रानात भगवा लावला. १० बाय ५ म्हणजे एकरी ८७० झाडं, दोन एकराला सतराशेच्या वर. गुटीची रोपं. रोपाचा पैसा, खड्ड्याचा पैसा, ठिबक, सगळं कर्ज काढून. आमचे आण्णा म्हणजे माझे चुलते, त्यांनी गणेश जातीची बाग १६ फुटावर लावली होती, एकरात जेमतेम १६० झाडं. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "आरं, मेथी पेरतुयास का बाग लावतुयास?" आम्ही हसलो. म्हटलं म्हाताऱ्याला काय कळतंय.

आता ज्या माणसाने सघन लागवड सांगितली तो खोटं बोलला का? नाही. पहिली दोन फळं त्याच्या म्हणण्याप्रमाणेच निघाली. २०१५ आणि १६ ला माल चांगला, भाव बरा, कर्ज फिटलं, घरावर स्लॅब पडला. हे मी लपवणार नाही. लहान झाडाला अंतर कितीही असो, त्याला ऊन मिळतं, वारा मिळतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांत दाट बाग नेहमी जिंकते. एकरात झाडं जास्त म्हणून फळं जास्त. सल्लागाराचे फोटो त्याच वयाच्या बागेचे असतात. सहाव्या-सातव्या वर्षाचा फोटो कुणी पडद्यावर लावत नाही, कारण तोवर तो माणूस दुसऱ्या तालुक्यात बैठका घेत असतो.

डाळिंबाचं झाड हे झुडूप आहे. तीन-चार खोडं ठेवली, दरवर्षी छाटणी केली, तरी पाचव्या वर्षी त्याचा घेर ७-८ फूट होतो. मग ५ फुटावरच्या झाडाने कुठं जायचं? शेजारच्या झाडाच्या अंगात. ओळ ही ओळ राहत नाही, कुंपण होतं. आणि १० फुटाच्या पट्ट्यातनं दोन्हीकडचा घेर वजा करा, २-३ फूट बोळ राहतो. माझ्या बागेत २०१८ ला ही अवस्था होती. औषध मारायला छोटा ट्रॅक्टर आत घातला की दोन्ही बाजूंनी पानं, काटे, कोवळी फळं खरवडत जायचा. आता डाळिंबाला काटे आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. वारा सुटला की एका झाडाचा काटा दुसऱ्याच्या फळावर. प्रत्येक ओरखडा म्हणजे तेल्याला उघडं दार.

कारण तेल्या ही बुरशी नाही, जिवाणू आहे. हे अजून आपल्यातल्या कितीतरी जणांच्या डोक्यात नीट बसलेलं नाही, म्हणून बुरशीनाशकावर बुरशीनाशक ओततात. तो पानाच्या रंध्रातनं आणि जखमेतनं शिरतो, आणि शिरायला त्याला पाणी लागतं. पावसाचा थेंब डागावर पडतो, फुटतो, आणि शिंतोड्याबरोबर जिवाणू शेजारच्या पानावर जातो. शेजारचं पान एका वितीवर असेल तर काय होईल? पुढं पानावर काळे डाग, भोवती पिवळी कडा, फळावर डाग आणि मग चीर, कधी इंग्रजी एल सारखी, कधी वाय सारखी. फांदीच्या पेराला काळं पडून फांदी मोडते. वाळलेल्या डागाळ फांदीत आणि खाली पडलेल्या पाल्यात तो पुढच्या बहारापर्यंत तग धरून बसतो.

२०१९ ला मृग बहार धरला होता. फळं लिंबापेक्षा मोठी, रंग धरायच्या बेतात, आणि ऑक्टोबरला परतीच्या पावसाने मुक्काम ठोकला. ते वर्ष द्राक्षवाल्यांना पण आठवत असेल. पाऊस उघडायचा, ऊन पडायचं, पण माझ्या बागेत आत शिरलं की अंगावर पाणी गळायचं. बाहेर मुरूम वाळलेला, आत ओल. बांधाकडच्या झाडावर डाग कमी आणि मधल्या ओळीत नुसता कोळसा. आठ दिवसाला एक फवारणी चालू होती. मोरचूद-चुन्याचा बोर्डो झाला, कॉपर झालं, दुकानदाराने दिलेली पुडी झाली. २०२० ला परत तेच, परतीचा पाऊस आणि तेल्या. दोन वर्षं आम्ही कॅरेट भरण्याऐवजी खड्डे भरले. मजूर बायका म्हणायच्या, "दादा, तोडायची हजेरी घ्यायची का पुरायची?"

त्या हिवाळ्यात कृषी कॉलेजचे कृषिदूत आमच्या गावात होते. त्यातल्या एका पोरीने एक काम केलं जे माझ्या सात वर्षांच्या औषधवाल्यांपैकी एकानेही केलं नव्हतं. तिच्याकडं पिवळे कागद होते, पाण्याचा थेंब पडला की निळे होणारे. तिने ते झाडाच्या बाहेरच्या अंगाला, मधल्या भागात आणि दोन झाडं जिथं एकात एक शिरतात तिथं टाचण्यांनी लावले आणि म्हणाली, "काका, आता रोजच्यासारखं फवारा." फवारलं. बाहेरचा कागद पूर्ण निळा, पाणी निथळत होतं. मधल्यावर चार-दोन ठिपके. आणि दोन झाडांच्या गुंत्यातला कागद जसाच्या तसा पिवळाधमक. मी तो कागद हातात घेऊन उभा राहिलो. तेल्या नेमका तिथंच होता. म्हणजे शेड्यूल बरोबर होतं, औषध बरोबर होतं, पैसे पण बरोबर गेले होते, फक्त औषध रोगापर्यंत पोचत नव्हतं. आणि बाहेरच्या पानावरनं निथळलेलं आमच्या जमिनीत जात होतं.

"त्याला आपलं शेड्यूल आहे" म्हणणाऱ्याला माझं उत्तर तो पिवळा कागद आहे. अजून कपाटात ठेवलाय.

मग म्हणाल, आधी दाट लाव, नंतर एकाआड एक झाड काढ. हा सल्ला पण त्या बैठकीत झाला. ऐकायला लई गोड. मला एक माणूस दाखवा ज्याने चौथ्या वर्षी, फळाने लगडलेलं झाड, स्वतःच्या हाताने वेळेवर तोडलंय. आपण पुढच्या बहाराला काढू म्हणतो, मग भाव येतो, मग परत पुढच्या बहाराला. मी सात वर्षं असाच थांबलो. शेवटी २०२१ च्या मे महिन्यात दोनपैकी एका एकरातली एकाआड एक झाडं काढली, सव्वाचारशेच्या वर. १० बाय ५ चं १० बाय १० झालं. दुसरा एकर तसाच ठेवला. प्रयोग म्हणून नव्हे, हिंमत झाली नाही म्हणून. आई त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, लेकरावाणी वाढवलेली झाडं. तिच्यापुढं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

पण हिंमत न झाल्याचा एक फायदा झाला, शेजारी शेजारी दोन एकर तुलनेला मिळाले. पाणी एका विहिरीचं, माती एक, फवारणारा माणूस एक. दोन्हीला मृग सोडून हस्त बहार धरला. मोबाईलमध्ये वेळ बघून मी सकाळी हिंडायचो. थंडीत दव पडतं. १० बाय १० च्या आतली पानं साधारण ९ वाजता कोरडी. १० बाय ५ च्या आत हात घातला तर ११ वाजून गेले तरी हात ओला. माझ्या ओळी पूर्व-पश्चिम आहेत, ही पण एक चूकच. हस्त बहारात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे ओळीची उत्तरेकडची बाजू दिवसभर सावलीत. ओळ दक्षिण-उत्तर असती तर सकाळी एका अंगाला, दुपारनंतर दुसऱ्या अंगाला ऊन मिळालं असतं. हे पण लागवडीच्या दिवशीच ठरतं आणि परत बदलता येत नाही.

माल निघाला तेव्हा दाट एकरात ३१० कॅरेट, त्यातली डाग नसलेली १२०. मोकळ्या एकरात २४० कॅरेट, त्यातली १९० व्यापाऱ्याने एक नंबरला घेतली. निम्मी झाडं काढूनही माल निम्मा झाला नाही, आणि विकण्यासारखा माल वाढला. औषधाची टाकी मोकळ्या एकराला एक कमी लागायची. आता हे माझ्या एका रानाचं, एका वर्षाचं गणित आहे, ते कुणी बोर्डावर लिहू नका. पण ज्याचं त्याने आपल्या वहीत मांडून बघा, नुसतं एकरी झाडं आणि एकरी टन नको, एकरी डाग नसलेलं कॅरेट मांडा.

आता उलट बाजू पण ऐका, नाहीतर मी पण त्या सल्लागारासारखाच होईन. अंतर ठेवलं म्हणजे तेल्या येत नाही, असं मी म्हणत नाही. तेल्याची नोंद आपल्या देशात पहिल्यांदा १९५२ ला दिल्लीकडं झाली, तेव्हा कुठली सघन लागवड होती? आण्णांची १६ फुटावरची बाग पण शेवटी तेल्यानेच गेली, त्यात रोपं रोगट बागेतनं आणली होती. माझ्या मोकळ्या एकरात २०२२ च्या पावसाळ्यात विश्रांतीच्या काळातसुद्धा पानांवर डाग आले. रोगट गुटी, न धुतलेली कात्री, शेजाऱ्याची सोडून दिलेली बाग, युरियाचा मारा करून आणलेली कोवळी फूट, यातलं एक जरी असलं तरी रोग येतो. अंतर हे औषध नाही. पण अंतर नसलं तर बाकी काहीच लागू पडत नाही. छाटणीला माणूस आत शिरत नाही, डागाळ फांदी दिसत नाही, पडलेला पाला गोळा होत नाही, कात्री प्रत्येक झाडाला हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची म्हटलं तर झाड कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं तेच कळत नाही.

आणि मर. तेल्याने फळ जातं, मरीने झाडच जातं. सांगोला-आटपाडी भागात त्या दोन-तीन वर्षांत किती बागा जेसीबीने निघाल्या ते रस्त्याने जाणाऱ्याला पण दिसत होतं. खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा, मुळाला गाठी करणारी सूत्रकृमी आणि मरीची बुरशी, तिन्ही मिळून आली. मरीची बुरशी मुळातनं मुळात जाते. ५ फुटावरच्या झाडांची मुळं एकमेकांत वेणीसारखी गुंतलेली असतात. माझ्या दाट एकरात एक झाड पिवळं पडलं, महिन्याने त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, ओळीने, वात पेटल्यासारखं. रोगट झाड आणि चांगलं झाड यांच्यामध्ये चर काढा असं सांगतात. बरोबरच आहे. पण ५ फुटात चर काढायची तर दोन्हीकडची मुळं तुटतात, मग चर काढायची कुठं, डोक्यावर? मोकळ्या एकरात पण मर आली, खोटं बोलणार नाही, अकरा झाडं गेली. पण इथं एक, तिथं एक अशी गेली. चर काढली, औषध ओतलं, शेजारची वाचली. दाट एकर २०२३ ला आख्खा काढून टाकावा लागला.

मला माहीत आहे, आता कुणीतरी लिहिणार, "काका, तुमच्याकडं दोन एकर आहे, माझ्याकडं वीस गुंठे. मला लवकर पैसा पाहिजे." बाबा, तुझी अडचण खरी आहे आणि तीच अडचण धरून तुला रोपं विकली जातात. वीस गुंठ्यात १५ बाय १० ने १४५ झाडं बसतात, ९ बाय ५ ने ४८४. रोप तीस-पस्तीस रुपयांचं धर. जास्तीच्या ३४० रोपांचे दहा-बारा हजार कुणाच्या खिशात जातात ते बघ, आणि पुढं त्या प्रत्येक झाडाला जे औषध लागतं ते कुणाच्या दुकानातनं येतं ते पण बघ. पहिली दोन वर्षं मधल्या पट्ट्यात मटकी, हुलगा घे, चार पैसे येतील. फक्त टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी नको, सूत्रकृमीला आयतं घर होतं.

या पानावर काही कृषी सहायक, काही विद्यापीठातले साहेब पण वाचतात, मला माहीत आहे. तुमच्याशी पण माझं भांडण आहे. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र साडेचार बाय तीन मीटर सांगतं, म्हणजे साधारण १५ बाय १० फूट, एकरी तीनशे झाडं. केंद्र २००५ पासून आमच्या जिल्ह्यात आहे. मग गावोगाव १० बाय ५ कसं पसरलं? कारण शिफारस पत्रकात असते आणि रोपवाला पटांगणात असतो. तुमच्या पत्रकात तेल्याच्या पानावर अर्ध्याच्या वर औषधांचा तक्ता असतो आणि अंतर लागवडीच्या पानावर एका ओळीत उरकलेलं. ते अंतर रोगाच्या पानावर पहिल्या ओळीत लिहा. आणि नुसता आकडा देऊ नका. मुरमाड रानात झाड ठेंगणं राहतं, काळ्या भारी रानात तेच झाड दीडपट पसरतं. मग दोघांना एकच आकडा कसा चालेल? ट्रॅक्टर आत जाणार का पाठीवरच्या पंपाने मारणार, मृग धरणार का हस्त, किती खोडं ठेवणार, हे विचारून अंतर सांगा. आणि ज्यांच्या बागा आधीच दाट आहेत त्यांना स्पष्ट सांगा की काढा. "घेर आटोक्यात ठेवावा" म्हणू नका. सातव्या वर्षी घेर आटोक्यात ठेवायचा म्हणजे दरवर्षी फळाची काडीच छाटायची. तुम्ही काढा म्हटलं की आम्ही शिव्या देऊ, पण मनातनं कळतं आम्हाला.

बैठकीतल्या त्या पोराचा काल फोन आला होता. त्याने ९ बाय ५ ची रोपं सांगून ठेवली आहेत, विसार दिलाय. मी म्हटलं विसार बुडू दे. तो म्हणाला, बघतो काका. त्याचं "बघतो" मला ओळखीचं आहे.

माझा काढलेला एकर दोन वर्षं ज्वारी-बाजरीला होता, मध्ये एकदा झेंडू केला, उन्हाळ्यात नांगरून तापू दिला. त्यात परत डाळिंब धरतोय, मरीचं रान आहे म्हणून आधी निम्म्यातच. येत्या रविवारी सकाळी सातला खड्ड्यांची आखणी आहे, १५ बाय १०, ओळी दक्षिण-उत्तर. ज्यांना बघायचंय त्यांनी या. चुना आणि सुतळी माझ्याकडं आहे, टेप तेवढी आपापली आणा, म्हणजे मी १५ म्हणून १२ धरले असं कुणी म्हणायला नको. तो पिवळा कागद पण दाखवतो.